दुसऱ्या डेटाबेससाठी दुसरं अ‍ॅप्लिकेशन लागत नाही

‘हायबरनेट घेतलं की एका जावा अ‍ॅप्लिकेशनला एकच डेटाबेस,’ असं जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं जोडणाऱ्या या लायब्ररीबद्दल अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. २००६ साली जेपीए (जावामधून डेटाबेस हाताळण्याचं प्रमाण, हायबरनेटही तेच पाळतं) आलं, तेव्हापासूनच एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये अनेक पर्सिस्टन्स युनिट, म्हणजे एकेका डेटाबेसशी जोडलेले क्लासचे गट, ठेवता येतात. प्रत्येकाचा डेटासोर्स (डेटाबेसची जोडणी) वेगळा, त्या डेटाबेसशी बोलणारे ऑब्जेक्ट बनवणारी एंटिटी मॅनेजर फॅक्टरीही वेगळी.

गैरसमजाचं मूळ बहुधा स्प्रिंग बूट या लोकप्रिय जावा फ्रेमवर्कमध्ये आहे. एक डेटासोर्स असेपर्यंत ते सगळं आपोआप जुळवतं. दुसरा आला की मुख्य कोणता ते सांगावं लागतं आणि दुसऱ्याची जुळणी हाताने करावी लागते. कटकट आहे, पण अशक्य नाही.

खरी मेख ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे बदल एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द करण्यात, आहे. मेथडवर नुसतं ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिलं, तर ते मुख्य डेटाबेसपुरतंच. समजा, ऑर्डर पहिल्यात आणि ऑडिटची नोंद दुसऱ्यात, रिपॉझिटरीमार्फत (डेटा वाचणाऱ्या-साठवणाऱ्या क्लासमार्फत), सेव्ह केली आणि पुढच्याच ओळीत एक्सेप्शन आलं. ऑर्डर रोलबॅक (रद्द) होते, ऑडिटची नोंद मात्र तिचं वेगळं ट्रान्झॅक्शन आधीच पूर्ण झाल्यामुळे तशीच राहते! दोन्ही एकत्र हवं असेल तर जेटीए (अनेक डेटाबेसवरच्या ट्रान्झॅक्शनसाठीचं जावाचं प्रमाण) आणि टू-फेज कमिट, म्हणजे आधी सगळ्यांची तयारी विचारून मगच पक्कं करणं. शिवाय दोन युनिटमधल्या एंटिटींचं (टेबलाशी जोडलेल्या क्लासचं) थेट नातं जोडता येत नाही. तिथे नुसता आयडी साठवायचा.