बेपत्ता बिगरगोऱ्या व्यक्तींच्या प्रसिद्धीसाठीची चळवळ

अमेरिकेत कृष्णवर्णीय, मूलनिवासी, लॅटिनो अशा समाजांतले कुणी बेपत्ता झाले, तर त्याची बातमी व्हावी म्हणून नातेवाईक आणि स्वयंसेवी संस्था करत असलेला पाठपुरावा. एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या नोंदींत बेपत्तांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माणसे कृष्णवर्णीय असतात. लोकसंख्येत मात्र त्यांचा वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे. वाहिन्यांवर चेहरे दिसतात ते बहुतांशी गोऱ्या तरुणींचे. पत्रकार ग्वेन आयफिल यांनी २००४ साली याला ‘मिसिंग व्हाइट वुमन सिंड्रोम’ (बेपत्ता गोऱ्या स्त्रीचाच ध्यास) म्हटले आणि तेच नाव रूढ झाले.

अडचण पोलीस ठाण्यापासूनच सुरू होते. अपहरणाचा सबळ संशय असेल तरच मुलांसाठी अँबर अलर्ट, म्हणजे लोकांच्या फोनवर जाणारा तातडीचा इशारा, निघतो. ‘घरातून पळून गेली’ अशी नोंद झाली, की तो निघत नाही, लोकांचे फोन वाजत नाहीत आणि शोधाचे पहिले मोलाचे तास हातचे जातात. कृष्णवर्णीय मुलींबाबत ही नोंद फार सहज होते, ही कुटुंबांची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ‘पळून गेली’ म्हटले की दोष मुलीच्याच माथी बसतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

डेरिका विल्सन पोलीस सेवेतून आलेल्या, नॅटली विल्सन जनसंपर्काच्या व्यवसायातून. दोघींनी २००८ साली ‘ब्लॅक अँड मिसिंग फाउंडेशन’ स्थापन केले. पत्रके काढणे, वृत्तकक्षांच्या मागे लागणे हे त्यांचे रोजचे काम. पोलिसांकडे जायला कचरणाऱ्यांना नाव न सांगता माहिती कळवण्याची सोयही त्यांनी केली. फोटोची निवडही महत्त्वाची ठरते: बेपत्ता मुलीचा पोलिसांच्या दप्तरातला जुना फोटो छापला, तर वाचणारा तिला आधी गुन्हेगार समजतो, पदवीदानाचा हसरा फोटो पाहिला, तर कुणाची तरी लेक म्हणून थांबून बघतो.

२०२१ मध्ये वायोमिंगमध्ये एका गोऱ्या तरुणीच्या शोधाने देशभरच्या बातम्या व्यापल्या. त्याच राज्यात २०११ ते २०२० या काळात सातशेहून अधिक मूलनिवासी बेपत्ता झाल्याची नोंद होती. बेपत्ता आणि खून झालेल्या मूलनिवासी स्त्रियांच्या आठवणीसाठी कॅनडात कलाकार जेमी ब्लॅक यांनी २०१० च्या सुमारास रिकामे लाल झगे टांगायला सुरुवात केली. आता दरवर्षी ५ मे रोजी ते झाडांवर दिसतात: वाऱ्याने हलणारे, आत कुणीच नसलेले.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून १२ ते २५ वर्षांच्या बेपत्ता कृष्णवर्णीयांसाठी ‘एबनी अलर्ट’ हा अँबर अलर्टसारखाच इशारा लागू झाला. मात्र त्याची विनंती हायवे पेट्रोल या राज्याच्या पोलीस दलाकडे स्थानिक पोलिसांनीच करायची असते, त्यामुळे नातेवाइकांचा पहिला हेलपाटा आजही ठाण्यातच पडतो.