शेळ्या चारून झुडपी रान मोकळे करणे

घराभोवतीच्या किंवा वापराविना पडून राहिलेल्या जमिनीवर माजलेली झुडपे, काटेरी वेली आणि रानटी फुटवे हटवण्यासाठी ठरावीक जागेत, ठरावीक दिवस, मुद्दाम दाटीने शेळ्या चारण्याची पद्धत. मोकाट चराईत शेळी आवडीचे खाते आणि पुढे जाते. या पद्धतीत कुंपण तिला पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे नावडतीची पाळीही येते.

शेळी झुडूप तोडत नाही, ते बोडके करते. पाने गेली की झुडूप मुळांत साठवलेली शिदोरी खर्चून नवे फुटवे काढते. त्या फुटव्यांनी मुळांची परतफेड करण्याआधीच ते पुन्हा खाल्ले गेले, तर साठा आणखी घटतो. असे काही वेळा झाले की झुडूप मरते किंवा गवताशी टक्कर देण्याइतके जोमदार राहत नाही. एकदा शेळ्या सोडल्या आणि काम संपले, अशा समजुतीने सुरुवात करणाऱ्याची निराशा बहुधा पुढच्या पालवीतच होते.

शेळीच का

गायीचा भर गवतावर असतो, मेंढीचा गवत आणि रुंद पानांच्या तणांवर. शेळीला मोकळीक मिळाली तर तिच्या खाण्यात निम्म्याहून अधिक वाटा झाडपाल्याचा असतो. वरचा ओठ चपळ आणि लवचिक असल्याने काट्यांमधली पाने ती नेमकी वेचते. मागच्या पायांवर उभी राहून दीड ते दोन मीटर उंचीपर्यंतचा पाला ओढते, आणि कडू, तुरट पाल्याला बिचकत नाही. झुडपांच्या पानांत टॅनिन असते. ते प्रथिनांना घट्ट धरून ठेवते आणि पचन मंदावते. शेळी ते मेंढी-गायीपेक्षा चांगले सोसते.

सुबाभळीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या पाल्यातील मिमोसीन या द्रव्यापासून पोटात तयार होणारे विष ऑस्ट्रेलियातील गुरांना बाधत होते, पण हवाई बेटांवरच्या शेळ्या तोच पाला खाऊन धडधाकट राहत होत्या. ऑस्ट्रेलियन संशोधक रेमंड जोन्स यांनी या फरकाचा माग काढला. कारण होते शेळ्यांच्या कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पहिल्या पोटातील) एक जीवाणू, जो हे विष मोडतो. १९९२ मध्ये त्याला सिनर्जिस्टिस जोन्सी असे नाव मिळाले. यातून व्यवहारात घ्यायचे ते एवढेच, की एखादा पाला पचवण्याची ताकद शेळीइतकीच तिच्या पोटातल्या जीवाणूंचीही असते आणि ते जीवाणू रुळायला दोन-तीन आठवडे लागतात. गोठ्यात दाण्यावर वाढलेली शेळी थेट काटेरी रानात सोडली तर ती खंगते.

सफाईसाठी खच्ची केलेले बोकड आणि भाकड शेळ्या सर्वांत योग्य. दुभत्या शेळ्यांची कास काट्यांनी फाटते, उग्र पाल्याचा वास दुधाला लागतो आणि दुधासाठी लागणारे पोषण निबर झुडपांतून मिळत नाही. गाभण शेळी शेवटच्या दोन महिन्यांत या कामाला लावू नये. अंगोरासारख्या लांब केसांच्या जातींची लोकर काट्यांत गुंतून खराब होते. शेळी कळपात राहणारी असल्याने एकटी ठेवल्यास ओरडत राहते, चरत नाही. निदान दोन-तीन तरी हव्यातच.

किती शेळ्या, किती दिवस

हिशेब शेळीच्या वजनावरून करतात. शेळी दिवसाला वजनाच्या ३ ते ४ टक्के शुष्क चारा (पाण्याचा अंश वगळून) खाते. ४० किलोच्या शेळीला साधारण १.४ किलो, म्हणजे ताज्या पाल्यात सुमारे ४ ते ५ किलो. मध्यम दाट रानात एकरी खाण्याजोगा पाला शुष्क वजनात ५०० किलो धरला, तर १० शेळ्या रोज १४ किलो संपवतील आणि एकर बोडका व्हायला पाच आठवडे लागतील. त्याच १० शेळ्यांना १० गुंठ्यांच्या तुकड्यात कोंडले तर तो तुकडा नऊ दिवसांत आटोपतो. चार तुकड्यांचे एकूण दिवस तितकेच भरतात, पण परिणाम वेगळा होतो. पूर्ण एकरात शेळ्या आधी गोड पाला, शेंगा, कोवळे शेंडे वेचतात; तोवर नावडती झुडपे निर्धास्त वाढतात आणि शेवटी तीच रानाची मालक होतात. लहान तुकड्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवडीला वाव उरत नाही. म्हणून शेळ्या कमी असतील तर दिवस वाढवण्याऐवजी तुकडा लहान करावा.

तुकडा कधी बदलायचा हे कॅलेंडरपेक्षा शेळीकडे पाहून ठरते. खांद्याच्या उंचीपर्यंतची बहुतेक पाने गेलेली, झुडपांतून पलीकडचे दिसू लागलेले, शेळ्या कुंपणापाशी उभ्या राहून ओरडत असलेल्या, ही वेळ झाल्याची खूण. डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) संध्याकाळीही खोल दिसत असेल तर उशीर झाला आहे. ठेवायच्या झाडांच्या साली सोलायला सुरुवात झाली तर फारच उशीर झाला आहे.

जागेची तयारी

शेळ्या आणण्याआधी रान पायी फिरून पाहणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत फायद्याचे काम. जुन्या वस्तीच्या आसपास तारांची भेंडोळी, काचा, प्लॅस्टिक पिशव्या, फुटक्या बॅटऱ्या, शिसेयुक्त रंगाचे जुने लाकूड आणि झुडपांनी झाकलेल्या विहिरी सापडतात. प्लॅस्टिक आणि दोऱ्या कोठीपोटात साचून राहतात. बॅटरी किंवा जुना रंग चाटल्याने शिशाची विषबाधा होते. तणनाशक मारलेल्या जागी लेबलावर दिलेली चराईबंदीची मुदत पाळावी. फवारल्यानंतर कोमेजणाऱ्या काही विषारी वनस्पती जनावरांना एरवीपेक्षा अधिक रुचकर लागतात, हा वेगळाच धोका.

अंगठ्यापेक्षा जाड खोडांचे शेळ्या फारसे काही करू शकत नाहीत. अशी झुडपे कोयत्याने कमरेखाली तोडून आडवी पाडली की वरचा पाला तोंडाशी येतो आणि बुंध्यावर येणारे फुटवे पुढच्या फेरीला मिळतात. कुंपणाच्या रेषेवर मीटर-दीड मीटर रुंद पट्टा आधी हाताने साफ करावा लागतो.

ठेवायची झाडे वाचवण्यासाठी खोडाभोवती जाळी लावतात. जाळी सालीला चिकटून असेल तर शेळी तिच्यावर पाय देऊन वर चढते, त्यामुळे जाळी खोडापासून निदान अर्धा मीटर दूर आणि दीड मीटरहून उंच हवी. कोवळी रोपे असलेला भाग सरळ कुंपणाबाहेर ठेवलेला बरा.

कुंपण

या कामात सर्वाधिक अपयश कुंपणात येते. सोयीची असते ती विजेची जाळी: उंची १०५ ते १२० सेंमी, सहसा ५० मीटरचे गुंडाळे. १० गुंठ्यांच्या चौकोनी तुकड्याचा घेर सुमारे १२७ मीटर, म्हणजे तीन गुंडाळे. झटका मशीनने शेळ्या असताना तारेत निदान ४,००० व्होल्ट टिकवले पाहिजेत आणि ते रोज मापकाने पाहिले पाहिजे. व्होल्टेज घसरण्याची दोन नेहमीची कारणे. पहिले, तारेला टेकलेला ओला पाला, ज्यातून प्रवाह जमिनीत गळतो. दुसरे, कच्चे अर्थिंग. झटका लागतो तो प्रवाह शेळीच्या अंगातून जमिनीत जाऊन अर्थिंगच्या सळीवाटे मशीनकडे परतला तरच. कोरड्या, मुरमाड जमिनीत हा मार्ग तुटतो. तिथे दोन-दोन मीटर लांबीच्या तीन सळ्या, एकमेकींपासून तीन मीटरवर ठोकून, भोवतीची जमीन ओली ठेवावी लागते.

जाळी माहीत नसलेली शेळी झटका लागताच पुढे उडी मारते आणि अडकते. म्हणून आधी पक्क्या आवारात दोन-तीन दिवस जाळीची ओळख करून द्यावी. नाक लावून एकदा झटका बसलेली शेळी पुढे लांब राहते. शिंगे असलेली जनावरे जाळीत डोके घालून गुंतू शकतात आणि प्रवाह चालू असताना गुंतलेले जनावर मरू शकते. बंद पडलेली जाळी तर अधिकच वाईट, कारण शेळ्या तिच्यावर अंग घासायला येतात. पक्क्या कुंपणासाठी १.२ मीटर उंचीची विणलेली तारजाळी वापरतात. कुंपणालगत ओंडका, दगडांचा ढीग किंवा उभे वाहन असेल तर ती शिडीच समजावी.

खुंट्याला बांधून चारणे स्वस्त पडते, पण ५ मीटरच्या दोराने जेमतेम ७८ चौरस मीटर वर्तुळ मिळते, आणि झुडपात दोर पहिल्या तासातच गुंततो. बांधलेली शेळी कुत्र्यांपासून पळू शकत नाही, सावली-पाण्यापर्यंतही पोहोचत नाही. घट्ट गळपट्टे घालूनही झुडपात सोडू नये. फांदीत अडकून गळफास बसतो.

विषारी वनस्पती

शेळीला काय खाऊ नये हे उपजत कळते, हे अर्धसत्य आहे. ती चव घेत घेत खाते आणि त्रास झालेला पाला टाळायला शिकते. पण भुकेलेली, नवख्या जागी आणलेली किंवा दाटीने कोंडलेली शेळी हा नियम मोडते, आणि ही पद्धत नेमकी दाटीवरच चालते. पहिल्या दिवशी पोटभर सुका चारा देऊन मगच सोडण्याचे कारण हेच.

कण्हेरीची थोडी पानेही हृदय थांबवू शकतात. बागेतून तोडून टाकलेल्या सुक्या फांद्याही तितक्याच घातक. घाणेरी (टणटणी) यकृत बिघडवते. बद्धकोष्ठ, कावीळ, आणि मग उन्हाने कान-नाकपुड्यांची कातडी सोलवटणे ही तिची लक्षणे. बेशरम ही वनस्पती आठवडे-महिने खाल्ल्यास मान थरथरते, चाल झोकांडते. एरंडाच्या बिया, धोतरा, रोडोडेंड्रॉन आणि यू (एक सूचीपर्णी झाड) हेही टाळायचे. ज्वारीचे कोवळे किंवा पाण्याअभावी कोमेजलेले फुटवे आणि चेरीवर्गातील झाडांची कोमेजलेली पाने यांत सायनाइड तयार होते. घाणेरीचे रान असेल तर ते शेळ्यांवर न टाकता हाताने उपटावे.

पाणी, निवारा, जंत

दर शेळीमागे दिवसाला ४ ते १० लिटर पाणी धरावे. रसाळ पाला असताना कमी, उन्हाळ्यात जास्त. शेळीला पावसात भिजणे सोसत नाही. जनावरामागे एक ते दीड चौरस मीटर कोरडा आडोसा पुरतो. तो उचलून नेता येईल असा असल्यास प्रत्येक तुकड्यात लेंड्या पसरतात. मीठ आणि खनिज मिश्रण द्यावे, पण मेंढ्यांचे नको. मेंढीला तांबे लवकर बाधते म्हणून त्या मिश्रणात तांबे नसते, तर शेळीला ते हवे असते. खुराक मात्र मूठभरच, बादली वाजवली की कळप यावा एवढ्यापुरता. पोट दाण्याने भरले की काट्यांकडे कोण बघणार?

झुडपावर चरणाऱ्या शेळीला जंतांचा त्रास कमी होतो, कारण रक्त शोषणाऱ्या हिमाँकस जंताच्या अळ्या बहुतांशी गवताच्या खालच्या ८–१० सेंटीमीटरांत असतात. पाला संपून शेळ्या जमिनीलगतचे गवत कुरतडू लागल्या की हा फायदा गेला. उष्ण, ओलसर हवेत लेंडीतल्या अंड्यापासून बाधक अळी तयार व्हायला चार ते सात दिवस पुरतात, हेही तुकडे लहान ठेवण्याच्या बाजूनेच बोलते. तपासणीसाठी दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली फामाचा पद्धत सोपी आहे: खालची पापणी उलटून आतला रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडायचा. लालसर म्हणजे ठीक, पांढुरकी म्हणजे रक्तक्षय. सरसकट सर्वांना औषध न देता फिकट पापणीच्यांनाच दिल्यास जंत औषधाला लवकर दाद देईनासे होत नाहीत. आंत्रविषाराची (आतड्यातील जीवाणूंच्या विषाने होणाऱ्या रोगाची) लस कामाआधी टोचून घ्यावी.

दुसरी आणि पुढच्या फेऱ्या

नवी पालवी पूर्ण उघडते त्या सुमारास मुळांतला साठा तळाला गेलेला असतो; शेळ्या परत आणण्याची ती वेळ. फुटवे साधारण वीतभर ते दीड वीत असताना आणाव्यात. त्याआधी आणल्या तर खायला काही नसते, फार नंतर आणल्या तर झुडपाने शिदोरी पुन्हा भरलेली असते. वाढीच्या एका हंगामात दोन-तीन फेऱ्या आणि असे दोन-तीन हंगाम हा चिवट झुडपांसाठी नेहमीचा अंदाज. शेवटच्या फेरीच्या अखेरच्या दिवसांत गवताचे बी फेकले तर खुरांनी ते मातीत दाबले जाते. जमीन उघडी ठेवली तर तणे आधी पोहोचतात.

शेळी चावून बरेचसे बी नष्ट करते, पण बाभूळवर्गीय शेंगांमधले टणक बी काही प्रमाणात लेंडीतून शाबूत बाहेर पडते. शेंगा खाल्लेला कळप स्वच्छ जागी नेण्याआधी तीन-चार दिवस बंद आवारात सुक्या चाऱ्यावर ठेवतात.

मर्यादा आणि इतर उपयोग

ओल्या मातीत खुरांनी जमीन तुडवली जाते. तीव्र उतारावर यंत्र पोहोचत नाही तिथे शेळ्या उत्तम, पण उतार पूर्ण बोडका केला तर माती धुपते. तिथे निम्माच पाला खाऊ द्यावा. कुंपणाविना शेळ्या काय करतात हे बेटांवर दिसले आहे. प्रशांत महासागरातील गॅलापागोस बेटांवर रानटी झालेल्या शेळ्यांनी वनस्पतींची इतकी नासाडी केली, की १९९७ ते २००६ दरम्यानच्या मोहिमेत तिथून एक लाखाहून अधिक शेळ्या हटवाव्या लागल्या.

तीच भूक जागेवर बांधून ठेवली तर वणव्याविरुद्ध कामी येते. जमिनीलगतची आग झाडाच्या शेंड्यापर्यंत नेणारी मधली झुडपे शेळ्या संपवतात. कॅलिफोर्नियात रोनाल्ड रेगन अध्यक्षीय ग्रंथालयाभोवतीचे सुमारे १३ एकर रान मे २०१९ मध्ये ५०० शेळ्यांनी साफ केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेला वणवा ग्रंथालयापाशी पोहोचला तेव्हा त्या पट्ट्याचा अग्निशमन दलाला उपयोग झाला. वाळलेल्या काटक्या मात्र शेळ्या खात नाहीत. त्या गोळा करून हटवाव्याच लागतात.