मड दाट करणं वेगळं, जड करणं वेगळं

बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीवर काम केलेल्याला बेंटोनाइट काय ते सांगायला नको. मोल्डिंगच्या वाळूला धरून ठेवणारी तीच ही माती. तेलविहीर खोदताना आत फिरवतात त्या चिखलासारख्या द्रवात, म्हणजे मडमध्ये, ती दाटपणा आणते, म्हणजे ड्रिलनं कापलेला चुरा वर येतो. पण चिक्कोडी-निपाणीकडची डिप्लोमा झालेली, रिगवर, म्हणजे तेलविहीर खोदायच्या यंत्रावर लागलेली पोरंसुद्धा बॅराइटला, म्हणजे मड जड करायच्या खनिजाला, 'तसलीच एक पावडर' म्हणतात, तेव्हा राहवत नाही. आपल्याकडची बोअरची गाडी हवेच्या दाबानं चुरा बाहेर फेकते, तिथं मडचा संबंधच येत नाही, म्हणून हा घोळ होत असावा. रंग, भाव, एक कच्छचं तर दुसरं आंध्रातल्या मंगमपेटचं, हे सगळं सोडून द्या.

आंबील दाट शिजवली म्हणून घागरीचं वजन दुप्पट होत नाही. घनमीटरभर पाण्यात 60 किलो बेंटोनाइट घातलं तर मड चांगला दाटतो, पण घनता (पाण्याची 1 धरून) 1.04 च्या आसपासच राहते. आणि खालच्या वायूला दाबून धरतं ते मडचं वजन, दाटपणा नव्हे. 3000 मीटर खोल विहिरीत 1.2 घनतेचा मड तळाशी चौरस सेंटिमीटरला सुमारे 360 किलो दाब देतो. थरातला वायू 400 चा असेल तर तो आत घुसणारच. रिगवर याला किक म्हणतात. मड 1.4 वर नेला की 420 मिळतात. बेंटोनाइट ओतून हे होत नाही, त्याआधीच मडचा गोळा होतो आणि पंप ओढत नाही. बॅराइटची घनताच 4.2, त्यामुळे मड पंपाला ओढता येईल इतका पातळ राहूनही जड होतो. मात्र नुसत्या पाण्यात ते तळाशी बसतं. त्याला धरून ठेवायला थोडं बेंटोनाइट हवंच.

आता हिशेब करा. 1.2 चा मड 1.4 करायला घनमीटरला 300 किलो बॅराइट लागतं. 200 घनमीटर मड असेल तर 60 टन, म्हणजे पन्नास किलोची 1200 पोती. विहीर बंद करून हा मड काही तासांत तयार करायचा असतो. मंगमपेटचा ट्रक तेवढ्यात पोचत नाही. 1995 च्या जानेवारीत गोदावरी खोऱ्यात पासरलापुडीच्या विहिरीतून उसळलेल्या वायूची आग दोन महिन्यांहून जास्त जळत राहिली. विहीर हातची सुटली की गोष्ट तिथवर जाते.

म्हणून स्टॉक रजिस्टरात 'मड मटेरियल, 80 टन' अशी एकच ओळ मला अजिबात मान्य नाही. त्यातलं 70 टन बेंटोनाइट असेल तर किकसाठी हाताशी काय उरलं? राखीव बॅराइट वेगळं लिहा, वेगळ्या थप्पीत ठेवा, रोजच्या खपासाठी त्याला हात लावू नका, आणि ओल लागून दगड झालेली पोती मोजू नका.

मड खडकाच्या भेगांतून पळायला लागला तर त्याला तिसराच साठा लागतो: अभ्रक, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, अगदी आपल्या साखर कारखान्यांतल्यासारखा बगॅससुद्धा चालतो. तिथं बॅराइट ओतलं तर मड आणखी जड होऊन गळती वाढते.