‘टायटन’ आणि भाकिताची गोष्ट

17 जुलै 1947 रोजी बुडालेल्या ‘रामदास’ बोटीचा विषय रेवसच्या धक्क्यावर निघाला की कोणीतरी हमखास सांगतो, की टायटॅनिकची जलसमाधी एका लेखकाने 14 वर्षे आधीच जशीच्या तशी लिहून ठेवली होती.

यातले ‘जशीच्या तशी’ एवढे खोटे आहे. मॉर्गन रॉबर्टसन यांची ‘फ्यूटिलिटी’ ही लघुकादंबरी 1898 साली निघाली. तिच्यातील ‘टायटन’ जहाज एप्रिलमध्ये उत्तर अटलांटिकात हिमनगावर आदळते आणि त्यावर जीव वाचवण्याच्या होड्या अपुऱ्या असतात, हे खरेच. परंतु टायटन न्यूयॉर्कहून निघालेली असते, ती तिची पहिली फेरी नसते, आणि तिच्यातले अवघे 13 जण वाचतात. टायटॅनिकवरचे सुमारे 700 वाचले. शिवाय 1912 च्या दुर्घटनेनंतर ही कथा ‘टायटन’चे नाव शीर्षकात घेऊन पुन्हा छापली गेली, तेव्हा जहाजाचे वजन 45,000 टनांवरून 70,000 टनांवर नेण्यात आले. त्यामुळे आज फिरणारे 70,000 टनांचे ‘भाकीत’ घटनेनंतरचे आहे.

उरलेल्या साम्यात दैवी काही नाही. रॉबर्टसन स्वतः खलाशी होते, आणि वसंतात हिमनग दक्षिणेकडे वाहत येतात हे, आपल्या नाखव्याला आषाढातला दर्या ठाऊक असतो तसे, त्यांना ठाऊक असणारच. ब्रिटिश नियमातली होड्यांची किमान संख्या तर तेव्हा जहाज 10,000 टनांपेक्षा कितीही मोठे असले तरी वाढत नव्हती. टायटॅनिकच्या 20 होड्या कायद्याला पुरून उरणाऱ्या होत्या.