पार्श्वभूमी: ‘अतिप्रदूषित’ म्हणजे कोण, आणि त्यात आजाराला गुण किती

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची प्रदूषणाचे गुण देणारी पहिली यादी आली २००९ च्या डिसेंबरात. देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना शंभरपैकी गुण दिले होते; गुण जितके जास्त, तितकं प्रदूषण जास्त. अंकलेश्वर आणि वापी सगळ्यांत वर, चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं. डोंबिवली ७८.४१, औरंगाबाद ७७.४४, नवी मुंबई ७३.७७, तारापूर ७२.०१. आणि ज्या चेंबूरला मुंबईकर कितीतरी वर्षं ‘गॅस चेंबर’ म्हणत आले, त्या चेंबूरला ६९.१९. रेषा ७० वर होती. नाशिकही ६९.२५ वर अडकलं, किंवा सुटलं म्हणा.

ही रेषा कशाची, हे आधी नीट पाहायला हवं, कारण मराठी बातम्यांत त्याचा कायम घोळ होतो. सत्तर किंवा त्याहून जास्त गुण पडले की पट्टा ‘क्रिटिकली पोल्युटेड’. साठ ते सत्तरच्या मध्ये असला तर ‘सिव्हिअरली पोल्युटेड’. दवाखान्यात ‘पेशंट क्रिटिकल आहे’ म्हटलं की नातेवाइकांना काय ते कळतं, ‘सिव्हिअर’ म्हटलं तर तेवढं कळत नाही. आपल्याकडे या दोन्हींना कधी ‘गंभीर’, कधी ‘अतिगंभीर’, कधी ‘अतिप्रदूषित’ असं ज्याला जे सुचेल ते छापलं गेलं. परिणामी एकाच गावाचं नाव एका पेपरात अतिप्रदूषित आणि दुसऱ्यात नुसतं गंभीर. इथे सत्तरच्या वरच्यांनाच ‘अतिप्रदूषित’ म्हटलं आहे. २००९ मध्ये असे पट्टे ४३ होते, साठ ते सत्तरमधले ३२.

फरक नुसता शब्दांचा नव्हता. १३ जानेवारी २०१० ला केंद्राने अतिप्रदूषित पट्ट्यांतल्या नव्या प्रकल्पांच्या आणि विस्ताराच्या पर्यावरणीय मंजुऱ्या रोखल्या. सत्तरच्या वर असाल तर फाइल थांबली, खाली असाल तर पुढे सरकली. चालू कारखान्यांना या मनाईचा धक्का नव्हता. त्यांची संमतीपत्रं आणि नूतनीकरणं आपल्या वाटेने चालूच राहिली. तरीही उद्योगांच्या संघटनांनी आणि राज्य सरकारांनी दिल्लीच्या खेपा सुरू केल्या. राज्यांनी कृती आराखडे दिले आणि त्या आराखड्यांच्या भरवशावर पट्ट्यांमागून पट्टे मोकळे होत गेले. आराखड्यात काय करू हे लिहिलेलं असतं, काय केलं हे नव्हे. २०१३ च्या सप्टेंबरात आठ पट्ट्यांवर, त्यांत वापीही होतं, पुन्हा मनाई आली. सरकार बदललं आणि २०१४ च्या जूनमध्ये तीही बाजूला ठेवली गेली.

त्याआधीचा इतिहास लांब आहे, पण इथे थोडक्यात पुरे. महाराष्ट्राने पाण्याच्या प्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्येच केला होता, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, आणि १९७० मध्ये मंडळही नेमलं. केंद्राच्या कायद्यात प्रदूषणाच्या व्याख्येतच सार्वजनिक आरोग्याला अपाय हे शब्द आहेत. पण कारखान्याच्या गेटवर तपासायला येणारा माणूस मोजतो ते नळीतून बाहेर पडणारं पाणी: सामू किती, बीओडी आणि सीओडी किती, म्हणजे त्यातली घाण जिरवायला किती प्राणवायू लागतो, आणि सीओडी २५०च्या आत आहे की नाही. व्याख्येतलं आरोग्य आणि नळीतले आकडे यांची गाठ कुठे पडायची हे कायद्याने सांगितलं नाही. हवेचा कायदा १९८१ चा. भोपाळनंतर १९८६ चा व्यापक कायदा आला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ‘समस्याग्रस्त’ भागांची एक छोटी यादी निघाली होती, चेंबूर त्यातही होतं. त्या यादीत गुण नव्हते. नावं तेवढी होती.

गुण आले ते ‘सेपी’मुळे, म्हणजे सर्वंकष पर्यावरण प्रदूषण निर्देशांकामुळे. मूळ आखणी वाईट नव्हती, उलट एका बाबतीत हुशारीची होती. हवा, पाणी आणि जमीन यांचे गुण वेगवेगळे काढायचे, पण त्यांची सरासरी घ्यायची नाही. ज्याचे गुण सर्वांत जास्त तो आकडा धरायचा आणि उरलेल्या दोघांच्या प्रमाणात तो आणखी वर ढकलायचा. म्हणजे नदी सडलेली असली आणि हवा बरी असली, तर बऱ्या हवेमुळे नदीचं पाप झाकलं जात नव्हतं.

प्रत्येक माध्यमाचे शंभर गुण चार कप्प्यांत होते. विषारी द्रव्यं आणि उद्योगांचा पसारा यांना ३०. हवा-पाण्यातलं प्रमाण आणि परिणामांचे पुरावे यांना २०. किती माणसं, किती संपर्कात, जवळ शाळा-दवाखाने-अभयारण्य काय आहे याला ३०. आणि नियंत्रणाची साधनं अपुरी असल्याबद्दल २०. दुसऱ्या कप्प्यात माणसांवर झालेल्या परिणामाला जास्तीत जास्त सहा गुण होते. पुरावा नसेल तर शून्य. लक्षणं दिसत असतील तर तीन. मृत्यू किंवा मृत्यूकडे नेणारे आजार असतील तर सहा.

सहा गुण कमी वाटतात. पण तिसऱ्या कप्प्यामुळे माणसं हिशेबात होती. कारखान्यांच्या कुंपणाला लागून वस्ती असली, की ती आजारी आहे हे सिद्ध व्हायच्या आधीच तिचं तिथे असणं मोजलं जाई. डोंबिवलीचा आकडा चढायचं एक कारण तेच. तिथे निवासी विभाग आणि औद्योगिक विभाग यांच्यामध्ये एखादा रस्ता काय तो आडवा असतो.

आक्षेप या माणसांच्या रकान्यांवरच आले. ‘पुरावा’ कोणाचा धरायचा, ‘लक्षणं’ कोणी ठरवायची, अमक्याचा दमा कारखान्यामुळे की बिडीमुळे, हे सगळं गुण देणाऱ्याच्या मतावर आहे, असं म्हटलं गेलं. या आक्षेपात तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. दमा कोणत्या धुराड्यातून आला हे एका माणसापुरतं कोणीच सांगू शकत नाही, आणि २००९ च्या पद्धतीत मूल्यमापकाला मोकळीक बरीच होती. २०१६ मध्ये पद्धत बदलली. व्यक्तिनिष्ठ घटक काढून मोजता येणारे घटकच ठेवू, ही त्यामागची भूमिका.

नव्या वाटणीत उद्योगांच्या पसाऱ्याला २०, हवा-पाण्याच्या प्रत्यक्ष मोजमापाला ५०, नियमांच्या पालनाला २० आणि आरोग्याच्या आकडेवारीला १० गुण आले. किती माणसं जवळ राहतात हा कप्पाच गेला. सहाचे दहा झाले म्हणून आरोग्याचं वजन वाढलं असं वरवर दिसतं. पण ते दहा मिळतात कसे ते बघा. परिसरातल्या मोठ्या रुग्णालयांकडून लागोपाठच्या दोन वर्षांच्या रुग्णसंख्या घ्यायच्या. हवेसाठी दमा, ब्राँकायटिस, फुप्फुसाचा कर्करोग, श्वसनमार्गाचे संसर्ग. पाण्यासाठी जुलाब, गॅस्ट्रो, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग. वाढ पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शून्य गुण. पाच ते दहा टक्के असेल तर पाच. दहाच्या वर गेली तर दहा.

समजा एका गावात गेल्या वर्षी दम्याचे ४,००० रुग्ण होते आणि यंदा ४,१०० आहेत. वाढ अडीच टक्के, गुण शून्य. दुसऱ्या गावात १०० चे ११२ झाले. वाढ १२ टक्के, गुण दहाच्या दहा. सूत्राच्या लेखी पहिल्या गावाच्या आरोग्याला काही झालेलंच नाही. तीस वर्षं खोकणाऱ्या वस्तीची तुलना हे सूत्र कोणाशी करतं, तर त्याच वस्तीच्या गेल्या वर्षीच्या खोकल्याशी. आजार जितका जुना आणि स्थिर, तितके गुण कमी. मोजता येणारं तेवढंच ठेवायचं ठरवल्यावर रुग्णांचा बोजा मोजायचा सोडून बोज्यातली वाढ मोजायची, हे कोणाच्या डोक्यातून आलं ते कळायला मार्ग नाही. पण निवड तांत्रिक आहे असं मला वाटत नाही.

आणि रुग्णसंख्या तरी कुठली? बोईसर किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही गल्लीतला फॅमिली डॉक्टरचा दवाखाना आठवा. संध्याकाळी सातला बाकावर आठ-दहा जण, निम्म्यांचा घसा धरलेला. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात, तीन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून देतात, फार तर नेब्युलायझर लावतात. यातलं काहीही त्या रुग्णालयांच्या आकड्यात जात नाही. ज्यांचं जातं त्यांच्या केसपेपरवर नाव, वय, तक्रार, औषध एवढंच असतं. काम कुठे करता, घर कुठल्या नाल्याच्या काठाला आहे, रात्री खिडकी उघडी असते का, याला जागा नाही. छातीच्या डॉक्टरची बदली झाली आणि वर्षभर जागा भरली नाही, तर रुग्ण आपोआप घटतात. पट्ट्याची तब्येत सुधारते.

डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला. दोन्ही वेळा छायाचित्रं देशभर गेली. रंग दिसतो, म्हणून दखल घेतली जाते. वासाचं तसं होत नाही. रात्री एक-दीडच्या सुमाराला सडक्या कोबीसारखा किंवा नेलपॉलिशसारखा वास घरात शिरतो, लोक उठून खिडक्या लावतात, पंखा बंद करतात, तक्रारीचा फोन करतात. सकाळी दहाला पाहणीला माणूस येतो तेव्हा वारा फिरलेला असतो. पंचनाम्यात लिहिलं जातं, वास आढळला नाही. वास किती असला म्हणजे गुन्हा, याची मर्यादा हवेच्या राष्ट्रीय निकषांत नाहीच. २००९ च्या त्या निकषांत बारा प्रदूषकं आहेत. बेंझिन आहे, टोल्युइन नाही. जे यादीत नाही ते उपकरण शोधत नाही, आणि पन्नास गुण उपकरणाच्या आकड्यांना आहेत. डोंबिवलीतच २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत स्फोट झाले, माणसं गेली, धोकादायक कारखाने दुसरीकडे हलवण्याच्या घोषणा झाल्या. स्फोटालाही सेपीत वेगळा रकाना नाही.

नव्या पद्धतीची पहिली मोठी फेरी २०१८ ची. शंभर पट्टे मोजले, ३८ अतिप्रदूषित निघाले. तारापूर ९३.६९ गुणांनी देशात पहिलं आलं. २००९ मध्ये ७२ वर असलेला पट्टा नऊ वर्षांत इतका वर कसा गेला, याचं उत्तर थोडं पद्धतीत आणि बरंचसं पाण्यात आहे. कारखान्यांच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त सांडपाणी येत राहिलं आणि नवापूरच्या किनाऱ्याकडे, आसपासच्या खाड्यांत जात राहिलं. मासे कमी झाल्याची तक्रार घेऊन मच्छीमार समाज आधीच राष्ट्रीय हरित लवादात गेला होता. इथे एक गोष्ट मान्य करायला हवी: मोजमापाला पन्नास गुण दिल्याने तारापूरचं पाणी लपलं नाही. नवी पद्धत सगळीकडेच सौम्य होती असं म्हणणं खोटं ठरेल. ती ज्यांचं प्रदूषण नळीत आणि नाल्यात सापडतं त्यांच्याशी कडक आहे, आणि ज्यांचं फक्त छातीत सापडतं त्यांच्याशी नाही.

२०१९ च्या जुलैत हरित लवादाने या यादीच्या आधारे कारवाईचे आदेश दिले, अतिप्रदूषित आणि साठ ते सत्तरमधले अशा दोन्ही पट्ट्यांत लाल आणि नारिंगी श्रेणीच्या, म्हणजे जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या उद्योगांच्या विस्ताराला चाप लावला. ऑक्टोबर संपता संपता केंद्राचं कार्यालयीन परिपत्रक आलं: हरितपट्ट्यासारख्या जादा अटी घालून मंजुऱ्या देता येतील. २०१० ची गोष्ट पुन्हा घडली, फक्त या वेळी काही महिन्यांत.

चेंबूर २०१८ च्या अतिप्रदूषितांत नव्हतं. त्याच सुमाराला चेंबूरच्या दक्षिणेला माहुलमध्ये, रिफायनऱ्या आणि रसायनांच्या टाक्या यांच्या अंगाला लागून उभ्या केलेल्या इमारतींमध्ये तानसा जलवाहिनीवरच्या झोपड्या तोडून आणलेली कुटुंबं राहत होती आणि ‘आम्हाला इथून हलवा’ म्हणून आंदोलन करत होती. त्यांच्या हातात गुणांक नव्हता, पण एक कागद होता. पालिकेच्या एका रुग्णालयाने २०१३ मध्ये माहुल आणि आंबापाड्याच्या मूळ रहिवाशांची पाहणी केली होती. ६७.१ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं होतं. गेल्या वर्षीपेक्षा किती वाढ, असा प्रश्न त्या पाहणीत नव्हता. किती जणांना त्रास होतो, एवढाच होता. त्या आकड्याचा आधार घेऊन लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याची नोंद केली, आणि त्या नोंदीवर बोट ठेवून उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या. पुढच्या वर्षी लवादाने परिसरातल्या चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई लावली. ती बाष्पनशील सेंद्रिय रसायनांच्या गळतीबद्दल होती, टाक्या भरताना-उपसताना जी हवेत निसटतात आणि ज्यांचा वास माहुलकर सुरुवातीपासून सांगत होते.