मतदानाचा टक्का आणि मतांचा टक्का: कल्याणचे आकडे कसे वाचायचे

कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ साली सुमारे ४५ टक्के मतदान झाले, २०२४ साली सुमारे ५० टक्के. दोन्ही वेळा शिवसेनेचे श्रीकांत शिंदे निवडून आले. त्यांच्या मतांचा टक्का मात्र साधारण ६३ वरून ५६ वर आला. यावरून 'मतदान वाढले आणि पाठिंबा घटला' असे कोणी म्हणाले, तर ते निम्मेच खरे. कारण प्रत्यक्ष मते सुमारे ५ लाख ६० हजारांवरून ५ लाख ९० हजारांवर गेली होती. म्हणजे मते वाढली, तरी टक्का घसरला.

या कोड्याचे उत्तर छेदात आहे. मतदानाचा टक्का काढताना झालेल्या मतदानाला मतदार यादीतल्या एकूण नावांनी भागतात. मतांचा टक्का काढताना उमेदवाराच्या मतांना झालेल्या मतदानाने भागतात. पहिला आकडा सांगतो किती जण घराबाहेर पडले, आणि दुसरा सांगतो बाहेर पडलेल्यांनी कोणते बटण दाबले. घरी बसलेल्यांचा कल दोन्हींत कुठेच नाही.

दोन्ही टक्क्यांचा गुणाकार करून पाहा. २०१९ साठी ०.४५ × ०.६३, २०२४ साठी ०.५० × ०.५६. दोन्ही वेळा उत्तर २८ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे यादीतल्या दर शंभर नावांपैकी साधारण २८ जणांनी दोन्ही निवडणुकांत विजेत्याला मत दिले. तो हिस्सा जवळपास जागेवरच राहिला, बाकीच्यांचे मतदान वाढले. मात्र ते २८ जण दोन्ही वेळा तेच होते, असे समजू नये. काही गेले असतील, काही आले असतील. नुसत्या बेरजांवरून ही अदलाबदल दिसत नाही. शिवाय मधल्या काळात, २०२२ मध्ये, शिवसेना फुटली होती. २०१९ ला धनुष्यबाणावर पडलेली काही मते २०२४ ला मशालीकडे, म्हणजे ठाकरे गटाच्या चिन्हाकडे गेली असणार. तेव्हा 'कल बदलला' म्हणण्याआधी चिन्हामागचा पक्ष तोच आहे का, हे तपासावे.

उपनगरात मतदानाचा टक्का कमी दिसतो, त्यात आळसाचा वाटा आहेच. पण यादीचाही आहे. भाड्याची घरे बदलतात, इमारती पुनर्विकासाला जातात, माणसे डोंबिवलीतून बदलापूरला जातात आणि नाव जुन्याच पत्त्यावर राहते. काहींचे नाव गावीही असते आणि इथेही. मृतांची नावे वगळायला नमुना ७ भरावा लागतो, पत्ता बदलायला नमुना ८. दोन्हींचा कंटाळा सार्वत्रिक आहे. यादीतल्या १०० नावांपैकी १० अशी फुकटची असतील आणि ५० जणांनी मतदान केले, तर जाहीर टक्का ५० येतो, खरा साडेपंचावन्नच्या पुढे असतो. मतांच्या टक्क्याला या फुगवट्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून दोन निवडणुकांच्या मध्ये यादीची मोठी साफसफाई झाली असेल, तर मतदानाच्या टक्क्याची तुलना जपून करावी.

संध्याकाळी पाचचा आकडाही अंतिम समजू नका. तो केंद्रांवरून कळवलेला अंदाज असतो. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळते आणि त्याचे मतदान होईपर्यंत केंद्र चालू राहते. पक्की नोंद नमुना १७ सी मध्ये असते आणि तिची प्रत मतदान संपल्यावर उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते.

आपल्या भागाचा कल पाहायचा तर नमुना २० काढावा. तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मते, वैध मते किती आणि नोटा (वरीलपैकी कोणीही नाही) किती हे असते. केंद्रातली एकूण मतदारसंख्या त्यात नसते, ती मतदार यादीतून घ्यावी लागते. टपाली मते केंद्रांच्या ओळींत येत नाहीत, ती शेवटी वेगळी मिळवलेली असतात. नोटा मतदानाच्या टक्क्यात धरतात. पण अनामत वाचवायला लागणारा एक-षष्ठांश हिस्सा मोजताना वैध मतांतून तो वगळतात. आणि केंद्र क्रमांक पुढच्या निवडणुकीत बदलतात, म्हणून क्रमांकावरून नव्हे तर इमारतीच्या नावावरून आणि यादी भागावरून जुळवणी करावी.

एक गफलत तर नावापासूनच सुरू होते. कल्याण लोकसभेत कल्याण पश्चिम नाहीच, तो भाग भिवंडी लोकसभेत आहे. कल्याणमध्ये अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण पूर्व, डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि मुंब्रा-कळवा हे विधानसभा मतदारसंघ येतात. भाजपचा जुना गड असलेली डोंबिवली आणि २००९ पासून राष्ट्रवादीच्या जितेंद्र आव्हाडांना निवडून देणारा मुंब्रा-कळवा यांची एकत्र सरासरी काढून 'उपनगराचा कल' सांगणे म्हणजे दोघांबद्दलही चुकीचे बोलणे. मुंब्र्यात मतदान पाच टक्क्यांनी वाढले आणि डोंबिवलीत तेवढेच घटले, तर कोणीही मत न बदलता संपूर्ण मतदारसंघाचा मतांचा टक्का हलतो.

'टक्का वाढला की सत्ताधाऱ्यांना धोका' हे दर निवडणुकीला ऐकू येते. २०१४ च्या लोकसभेला राज्यात मतदान वाढले आणि केंद्रातली सत्ता बदलली, हे खरे. पण २०२४ च्या विधानसभेला मतदान ६१ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि सत्तेतली महायुती आणखी मोठ्या बहुमताने परत आली.

महापालिकेच्या आकड्यांत गोंधळ दुप्पट होतो. चार सदस्यांच्या प्रभागात एक मतदार चार मते देतो. चारही जागांची मते एकत्र करून त्यांना मतदान केलेल्यांच्या संख्येने भागले, तर एखाद्या पक्षाचा टक्का शंभराच्या वर जाऊ शकतो. जागा अ, ब, क, ड यांचा हिशेब वेगवेगळा करावा, मतदानाचा टक्का मात्र प्रभागाचा एकच धरावा.