कादोर्ना, लुईजी

(४ सप्टेंबर १८५०–२१ डिसेंबर १९२८). पहिल्या महायुद्धातील इटलीचा लष्करप्रमुख. जन्म मॅजोरे सरोवराकाठच्या पाल्लान्झा येथे. १८७० मध्ये रोम जिंकणारे सेनापती राफाएले कादोर्ना हे त्याचे वडील. जुलै १९१४ मध्ये लष्करप्रमुख पोल्यो अचानक वारल्याने हे पद त्याच्याकडे आले. राजा नावापुरता सर्वोच्च सेनापती होता. खरी सत्ता कादोर्नाची. मंत्र्यांची लुडबुड त्याला खपत नसे.

मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरला. इझोन्झो नदीच्या खोऱ्यात कादोर्नाने सव्वादोन वर्षांत अकरा मोहिमा काढल्या. काटेरी तारा आणि मशीनगन यांवर पायदळाने समोरून तुटून पडायचे, हीच त्याची रीत. ऑगस्ट १९१६ मध्ये गोरित्सिया शहर हाती आले, पण बाकीच्या मोहिमांत माणसे फार गेली आणि जमीन थोडी मिळाली. शिस्तीच्या नावाखाली तो अमानुष होता. युद्धकाळात लष्करी न्यायालयांच्या निकालांवरून सुमारे ७५० इटालियन सैनिकांना गोळ्या घातल्या गेल्या. चौकशीविना मारलेले वेगळेच. काही तुकड्यांत तर मारण्यासाठी चिठ्ठ्या टाकून माणसे निवडली. दोनशेहून अधिक सेनापतींनाही त्याने घरी बसवले, त्यामुळे वरिष्ठांना खरे सांगायला कोणी धजेना.

२४ ऑक्टोबर १९१७ रोजी कापोरेत्तो येथे जर्मन-ऑस्ट्रियन फौजांनी विषारी वायू व तोफांच्या माऱ्यानंतर आघाडी फोडली. सुमारे अडीच लाखांवर इटालियन सैनिक कैद झाले, तीन हजारांच्या आसपास तोफा गेल्या. मराठीत ‘पानिपत’, तसे इटालियनमध्ये ‘कापोरेत्तो’. बचावाची मांडणी सदोष असताना कादोर्नाने २८ ऑक्टोबरच्या पत्रकात इटलीच्याच दुसऱ्या क्रमांकाच्या सेनेच्या तुकड्या भ्याडपणे न लढता मागे हटल्याचा ठपका ठेवला. सरकारने मजकूर सौम्य केला, पण मूळ पत्रक तोवर परदेशी पोहोचले होते.

रापाल्लोच्या बैठकीत मित्रराष्ट्रांनी त्याला हटवण्याचा आग्रह धरला. नवे पंतप्रधान ओर्लांदो यांनाही तेच हवे होते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आर्मांदो दियाझने सूत्रे घेतली. मात्र ज्या प्याव्हे नदीवर दियाझने शत्रूला रोखले, तिथवर माघारीचा हुकूम कादोर्नाचाच होता. ग्राप्पा डोंगराची तटबंदीही त्यानेच आधी सुरू करवली होती. हे श्रेय त्याच्या टीकाकारांनाही नाकारता येत नाही.

कापोरेत्तोवरील १९१९ च्या चौकशी अहवालाने त्याच्यावर ठपका ठेवला. पुढे १९२४ मध्ये मुसोलिनीने दियाझबरोबर त्यालाही मार्शल केले. बोर्दिगेरा येथे त्याचे निधन झाले. त्याचा मुलगा राफाएले दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फॅसिस्टांविरुद्धच्या प्रतिकार दलाचा सेनापती होता.